गावाची शिरगणती आणि गावाचा कारभार

नाशिक शहराच्या दक्षिण अंगास, मुंबई-आग्रा महामार्गापासून जवळच, इंदिरानगर नावाची मोठी वसाहत आहे. तेथे शाळा आहेत, दुकाने आहेत, त्याच नावाचे पोलीस ठाणे आहे आणि टपाल खात्याचा ४२२००९ हा क्रमांकही आहे. टपाल्याच्या, रिक्षावाल्याच्या आणि रहिवाशाच्या तोंडी हे नाव पक्के बसलेले आहे. परंतु तेथील घराचे खरेदीखत उघडून पाहिले तर सर्व्हे नंबराच्या आधी मौजे वडाळा, मौजे पाथर्डी अशी नावे आढळतात. म्हणजे माणूस राहतो इंदिरानगरात आणि त्याच्या पायाखालची जमीन मात्र वडाळ्याच्या किंवा पाथर्डीच्या शिवारात असते. वडाळ्याची ग्रामपंचायत आज नाही, पाथर्डीचीही नाही. तरी दोन्ही गावे महसुलाच्या दप्तरात जिवंत आहेत.

याचे कारण असे की, ज्याला आपण सरसकट ‘गाव’ म्हणतो ते सरकारी व्यवहारात एक नसून निदान तीन आहेत. एक महसुलाचे गाव, दुसरे पंचायतीचे गाव आणि तिसरे शिरगणतीचे गाव. पुष्कळ ठिकाणी या तिन्हींच्या हद्दी एकमेकींशी जुळतात, म्हणून हा भेद लक्षात येत नाही. जेथे त्या जुळत नाहीत तेथे मात्र शेतकऱ्याला कोणत्या कचेरीची पायरी चढावी हे कळत नाही, आणि दूरच्या मळ्यावरील किंवा पाड्यावरील वस्ती कोणाच्याच हिशोबात धड येत नाही. वस्तीचा रस्ता, अंगणवाडी, पंचायतीतील जागा या सर्व गोष्टी अखेर याच हिशोबावर अवलंबून असल्यामुळे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने तो नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

महसुलाचे गाव

तिन्हींत सर्वांत जुने आणि सर्वांत चिवट गाव ते महसुलाचे. जुन्या लोकांच्या बोलीत गावाचे दोन भाग असतात: पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे घरांची जागा, काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरीला आज दप्तरात गावठाण म्हणतात आणि काळीला शिवार. या दोहोंची मोजणी होऊन, हद्दीच्या खुणा रोवून जो तुकडा ठरला तो म्हणजे मौजा. त्यात माणसे राहत असोत वा नसोत, मौजा कायम राहतो. ज्या गावात एकही दिवा लागत नाही त्यालाही दप्तरात स्थान आहे. त्याला ‘बेचिराग’ असा अर्थपूर्ण शब्द आहे. महाराष्ट्रात त्रेचाळीस हजारांवर महसुली गावे असून, २०११ च्या जनगणनेच्या वेळी त्यांपैकी अडीच हजारांहून अधिक गावे अशी निर्मनुष्य होती.

या गावाचा कारभार महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ प्रमाणे चालतो. काही गावांचा मिळून सज्जा, काही सज्जांचे मंडळ, मंडळांचा तालुका, त्यावर उपविभाग, जिल्हा आणि विभाग अशी ही उतरंड आहे. सज्जाचा अधिकारी तो तलाठी. कुलकर्णी वतने १ मे १९५१ पासून संपुष्टात आल्यानंतर गावचे दप्तर पगारी तलाठ्याच्या हाती आले; २०२४ साली या पदाला ग्राम महसूल अधिकारी असे नाव देण्यात आले, तथापि गावकरी त्याला तलाठीच म्हणतात आणि म्हणत राहतील असे दिसते. सात-बारा, आठ-अ, फेरफाराची नोंदवही ही त्याची दप्तरे होत. पिकांची नोंद पूर्वी तलाठी बांधावर जाऊन घेत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या योजनेत ती खातेदाराने स्वतः मोबाइलवरून करावयाची सोय राज्यभर झाली.

या अधिनियमातील एक बारकावा इंदिरानगरसारख्या ठिकाणी फार उपयोगी पडतो. त्यात ‘गाव’ या शब्दाची जी व्याख्या दिली आहे, तीत नगर किंवा शहर आणि त्याची सर्व जमीन यांचाही समावेश होतो. महसूल खात्याच्या दृष्टीने शहर हेही एक गावच. म्हणूनच वडाळ्यावर महानगरपालिका आली तरी मौजे वडाळा पुसले गेले नाही.

पंचायतीचे गाव

दुसरे गाव कारभारासाठी घडविलेले आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम हा मूळचा मुंबई राज्याचा १९५८ सालचा कायदा. त्याखाली शासन अधिसूचना काढून एखादे महसुली गाव, किंवा अनेक महसुली गावे मिळून, पंचायतीसाठी ‘गाव’ म्हणून जाहीर करते. दोन-चार लहान मौजांची मिळून एक पंचायत असेल तर तिला गट ग्रामपंचायत म्हणतात. राज्यात महसुली गावे त्रेचाळीस हजारांवर आणि ग्रामपंचायती मात्र सुमारे अठ्ठावीस हजार, हा फरक मुख्यतः गट ग्रामपंचायतींमुळे पडतो. ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद अशी ही दुसरी उतरंड १९६१ च्या जिल्हा परिषद अधिनियमाने, १ मे १९६२ पासून, आजच्या रूपात उभी राहिली. नाशिक जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत आणि प्रत्येकाला पंचायत समिती आहे.

पंचायतीचा नोकर तो ग्रामसेवक. २०२४ साली ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही दोन पदे एक करून ग्रामपंचायत अधिकारी असे पद करण्यात आले. तलाठी आणि ग्रामसेवक एकाच चावडीवर बसलेले दिसले तरी त्यांचे धनी वेगळे आणि दप्तरेही वेगळी. येथे एक नेहमीचा घोटाळा सांगितला पाहिजे. तलाठ्याकडे ‘आठ-अ’ नावाचा उतारा असतो आणि पंचायतीकडे ‘नमुना ८’. पहिल्यात एका खातेदाराच्या गावातील सर्व जमिनींची नोंद असते. दुसरी आहे घरपट्टीच्या आकारणीची नोंदवही. आकडा एकच असल्यामुळे कर्जाच्या अर्जाला एकाऐवजी दुसरा जोडून शेतकरी बँकेत जातो आणि हेलपाटा पडतो. शिवाय नमुना ८ वर नाव लागले म्हणजे घराची मालकी सिद्ध झाली, अशीही समजूत आढळते. ती नोंद कर वसूल करण्यासाठी आहे. भाऊबंदकीच्या दाव्यात तिचा आधार लंगडा ठरतो.

शिरगणतीचे गाव

तिसरे गाव दहा वर्षांतून एकदा दिसते. वृद्ध मंडळी जनगणनेला अजूनही खानेसुमारी म्हणतात, कारण तिची सुरुवातच घरे मोजण्यापासून होते. १८७२ साली पहिला प्रयत्न आणि १८८१ साली साऱ्या देशात एकाच वेळी पहिली गणना, असा तिचा इतिहास आहे. २०११ च्या गणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ भरली. पैकी ६,१५,५६,०७४ माणसे खेड्यांत होती. राज्य स्थापन झाल्यानंतरच्या पहिल्या, १९६१ च्या गणनेत शहरांतील लोक शेकडा २८ होते. २०११ साली ते शेकडा ४५ झाले. नाशिक जिल्ह्यात ६१,०७,१८७ लोकांपैकी शेकडा ४२ हून अधिक शहरी ठरले, आणि त्यांत नाशिक महानगरपालिकेचाच वाटा सुमारे १४ लाख ८६ हजारांचा होता.

जनगणनेचे खाते ग्रामीण भागात महसुली गाव हेच आपले गाव मानते. वाड्या, वस्त्या, पाडे यांचे आकडे ते वेगळे छापत नाही. ते मूळ मौजात मिळविले जातात. दुसरीकडे, पंचायत असलेल्या गावालाही ते कधी कधी शहरी गटात टाकते. लोकसंख्या निदान ५,००० असावी, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी निदान तीन चतुर्थांश शेतीबाहेरच्या धंद्यात असावेत, आणि दर चौरस किलोमीटरला निदान ४०० लोक राहत असावेत, या तीन कसोट्यांना उतरलेले गाव ‘जनगणना नगर’ समजले जाते. नाशिक तालुक्यातील एकलहरे येथे औष्णिक वीज केंद्र आहे. तेथे कारभार ग्रामपंचायतीचा, परंतु २००१ च्या गणनेत त्याची नोंद जनगणना नगर अशी झाली. गावकऱ्यांचे हक्क किंवा कर या नोंदीने बदलत नाहीत. आकड्यांच्या कोष्टकात मात्र गाव ग्रामीण रकान्यातून शहरी रकान्यात जाते.

आकड्याचे मोल

आता या आकड्याने नक्की काय ठरते ते पाहू. ग्रामपंचायतीच्या सभासदांची संख्या लोकसंख्येवर ठरते. १,५०० पर्यंत सात, १,५०१ ते ३,००० पर्यंत नऊ, पुढे दर दीड हजारास दोन-दोन वाढत ७,५०० वर सतरा. समजा, एखाद्या गावाची खरी वस्ती १,५१० आहे. गावठाणापासून दूर असलेल्या मळ्यांवरील दहा कुटुंबे, म्हणजे सुमारे पन्नास माणसे, गणनेच्या वेळी राहून गेली. गावाची नोंद १,४६० झाली. तेवढ्यावरून पंचायतीत नऊऐवजी सातच जागा मिळतात, प्रभाग त्याप्रमाणे आखले जातात, आणि हे पुढील गणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत तसेच चालते. अनुसूचित जाती व जमातींच्या राखीव जागाही त्यांच्या गणनेतील प्रमाणावर ठरत असल्यामुळे, राहून गेलेली कुटुंबे याच समाजांची असतील तर नुकसान दुहेरी होते. बहुधा ती तशीच असतात, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. गावठाणातील चौसोपी वाडा गणनेतून सुटल्याचे ऐकिवात नाही.

पैशाचाही हिशोब असाच. पंधराव्या वित्त आयोगाने २०२०-२१ ते २०२५-२६ या काळासाठी पंचायतींना जे अनुदान ठरविले, त्याची राज्याराज्यांत वाटणी शेकडा ९० लोकसंख्येवर आणि शेकडा १० क्षेत्रफळावर झाली. लोकसंख्या धरली ती २०११ ची. २०२१ ची गणना होऊ शकली नाही, म्हणून त्यानंतर जन्मलेली मुले शाळेत जाऊ लागली तरी अनुदानाच्या हिशोबात ती आलीच नाहीत. आरोग्य उपकेंद्रासाठी मैदानी भागात ५,००० व डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकसंख्या हे माप आहे. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेने तर गाव न धरता वस्ती हे एकक धरले, आणि मैदानी भागात ५०० व डोंगरी-आदिवासी भागात २५० लोकवस्तीची अट घातली. येथे अडचण अशी की, जनगणनेच्या छापील पुस्तकात वस्तीचा आकडाच नसतो. तो आकडा गावाच्या कागदांवरून सिद्ध करावा लागतो. ज्या ग्रामसेवकाने वस्तीवार कुटुंबांची यादी नीट ठेवली त्याच्या वस्तीचा प्रस्ताव पुढे सरकतो. ज्याने ठेवली नाही त्याच्या वस्तीला चिखल तुडवावा लागतो.

नाशिक जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. जनगणनेची संदर्भ-वेळ १ मार्च ही असते. २०११ साली प्रत्यक्ष गणती ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली आणि १ ते ५ मार्च फेरतपासणी झाली. नियम असा होता की, या सर्व काळात जो माणूस घरी नव्हता त्याची गणती तो जेथे असेल तेथे करावयाची. आता फेब्रुवारी म्हणजे निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाच्या काढणीचे दिवस आणि साखर कारखान्यांचा गळीत हंगाम. पेठ, सुरगाणा भागातील पाड्यांवरची कुटुंबेच्या कुटुंबे तेव्हा द्राक्षबागांवर असतात. ऊसतोडीची माणसे त्याहून दूर असतात. नियमाप्रमाणे ती निफाडच्या मळ्यावर किंवा कारखान्याच्या तळावर मोजली जातात. तेथेही बागेच्या कडेला टाकलेली पालाची झोपडी गणकाच्या नजरेतून सुटली तर ते कुटुंब कोठेच नसते. मात्र थोड्या दिवसांसाठी गेलेला व गणतीचा काळ संपण्यापूर्वी परत येणारा माणूस घरीच धरावयाचा होता. हा भेद पाड्यावर मागे राहिलेल्या वृद्धांना कोणी समजावून सांगितला नाही, तर ‘सगळे कामाला गेले’ एवढेच उत्तर गणकाला मिळते.

पाड्याला स्वतःचे गाव मिळण्याचा मार्गही आहे. महसूल अधिनियमाखाली मोठ्या वाडीला स्वतंत्र महसुली गावाचा दर्जा देता येतो. अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याने त्याहून पुढचे पाऊल टाकले. तेथे गाव म्हणजे आपला व्यवहार रूढीप्रमाणे चालविणाऱ्या समाजाची वस्ती, पाडा किंवा पाड्यांचा समूह, असे धरले आहे. आणि महाराष्ट्राने २०१४ साली केलेल्या नियमांमुळे पाड्यातील मतदारांना ठराव करून आपल्या वस्तीला गाव म्हणून जाहीर करण्याची मागणी उपविभागीय अधिकाऱ्याकडे करता येते. पेठ, सुरगाणा व कळवण हे तालुके संपूर्ण, तर दिंडोरी, इगतपुरी, बागलाण व नाशिक यांचे काही भाग १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित क्षेत्रात आहेत. अशा गावाला स्वतःची ग्रामसभा मिळते. पंचायत जुनीच राहिली तरी वनउपज, पाणी, जमीन यांविषयी पाड्याचे म्हणणे पाड्यातच ठरते.

शहर शिवारात येते तेव्हा

नाशिक महानगरपालिका ७ नोव्हेंबर १९८२ रोजी अस्तित्वात आली. नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिकांबरोबर सभोवतालची खेडीही तिच्या हद्दीत आली. वडाळा, पाथर्डी, मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव, गंगापूर, दसक, पंचक ही नावे आज शहराच्या नकाशात असली तरी ती मुळात शेतीची गावे. वडाळ्या-पाथर्डीच्या शिवारात प्लॉट पडले, इमारती उभ्या राहिल्या आणि इंदिरानगर वसले. गावठाणे मात्र ‘वडाळागाव’, ‘पाथर्डी गाव’ अशी ‘गाव’ हा शब्द शेवटी जोडून ओळखली जाऊ लागली. मखमलाबाद-आडगावकडे शहराच्या हद्दीत राहूनही शेती चालू राहिली. शहरालगतच्या इतर गावांवरही ही वेळ येऊ शकते, म्हणून अशा प्रसंगी काय बदलते आणि काय बदलत नाही हे शेतकऱ्याने आधीच जाणून घ्यावे.

बदलते ते पंचायतीचे सर्व. ग्रामपंचायत विसर्जित होते, ग्रामसभा उरत नाही. घरपट्टी व पाणीपट्टी महानगरपालिकेकडे जाते आणि तिचे दर शहराचे असतात. घर किंवा गोठा बांधावयाचा तर परवानगी महानगरपालिकेकडून घ्यावी लागते. शहराच्या विकास आराखड्यात शेतावर रस्त्याचे किंवा बागेचे आरक्षण पडू शकते; आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला म्हणजे हरकत घेण्यास मुदत असते, आणि ती मुदत गेल्यावर जागे होणारे शेतकरी पुष्कळ. जिल्हा परिषदेच्या स्वनिधीतून मिळणारी अवजारे, पंप यांसारख्या योजनांचा लाभ बंद होतो, कारण गाव जिल्हा परिषदेच्या हद्दीतून बाहेर पडलेले असते. पंचायतीमार्फत निघणारी ग्रामीण रोजगाराची कामेही मिळत नाहीत. शेतमजुराला याचा चटका जमीनधारकापेक्षा अधिक बसतो, कारण त्याच्याकडे विकावयास प्लॉट नसतो.

बदलत नाही ते महसुलाचे. मौजाचे नाव, सर्व्हे किंवा गट क्रमांक, तलाठी, तहसीलदार, फेरफार, पीक पाहणी ही पूर्ववत राहतात. ज्या भागात नगर भूमापन पुरे होते तेथे सात-बाराची जागा मिळकत पत्रिका घेते. तोपर्यंत सात-बाराच चालतो. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीच्या योजनेत जमीन ग्रामीण आहे की शहरी असा भेद केलेला नाही. लागवडीखालील जमीन असून इतर अटी पुऱ्या होत असतील तर महानगरपालिकेच्या हद्दीतील शेतकरीही पात्र ठरतो. ‘आता तुम्ही शहरात गेलात, तुम्हाला काही नाही’ असे कोणी सांगितले तरी शेतकऱ्याने आपल्या कागदावर मौजा कोणता आणि जमीन कोणत्या वापराची लिहिली आहे ते पाहूनच उत्तर घ्यावे.

नव्या गणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ-तारीख १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने जाहीर झाली. गणतीत गोंधळ होऊ नये म्हणून ३१ डिसेंबर २०२५ नंतर गणना पुरी होईपर्यंत गावांच्या व शहरांच्या हद्दी बदलू नयेत, असेही राज्यांना कळविण्यात आले. म्हणून वस्ती नव्याने गाव म्हणून नोंदविण्याची घाई या गणनेपुरती उपयोगाची नाही. उपयोगाची आहे ती वस्तीची यादी. ग्रामपंचायतीकडे जन्म-मृत्यूची नोंदवही असते, नमुना ८ वर घरांची नोंद असते, अंगणवाडी सेविकेकडे कुटुंबांची पाहणी असते. ही तीन दप्तरे समोरासमोर ठेवली की गावठाणाबाहेरील प्रत्येक मळा, पाडा व वस्ती यांची नावे आणि घरांची संख्या एका कागदावर उतरविता येते. मतदारांच्या यादीवर मात्र भिस्त ठेवू नये, कारण तीत मुले नसतात आणि शहरात गेलेली माणसे पुष्कळदा तशीच राहिलेली असतात. या कागदावर शेजारच्या मौजाच्या हद्दीवरील वस्त्या विशेष खूण करून दाखवाव्यात, कारण दोन गावांचे गणक ‘ती त्यांच्याकडे’ असे समजून ज्या घरांना ओलांडतात ती घरे नेमकी ओढ्याच्या काठची किंवा शिवेवरची असतात.